फोटोतली घार उडेना

जेजुरीहून येऊन तीन दिवस झाले होते. भाची लॅपटॉपवर माझे फोटो बघत बसली होती. मधेच ओरडली, "मामा, ही घार आपला पाठलाग करतेय!"

मी जाऊन पाहिलं. गडावरच्या दीपमाळा, मागे निळं आभाळ आणि डाव्या कोपऱ्यात वर एक काळपट ठिपका. असेल घार, म्हटलं. पुढचा फोटो पालखीचा. तिथेही घार, डाव्या कोपऱ्यात, वरच. मग कऱ्हा नदीकाठची गर्दी, तिथेही तीच. शेवटी आमच्याच गच्चीतला फोटो आला. आजी हसत हसत पांढऱ्या चादरीवर पापड वाळत घालतेय आणि चादरीच्या डाव्या टोकाला, पापडांपासून वीतभर अंतरावर, घार बसलेली! घार पापडाजवळ असताना आजी हसेल, हे काही शक्य नाही. तेव्हा ही घार नव्हती, हे उघडच होतं.

मग काय होतं? भाचीने तपास स्वतःकडे घेतला.

पहिला संशयित लॅपटॉपचा पडदा. तिने बोटाने पुसला, ठिपका तिथेच. फोटो सरकवला, तर ठिपकाही सरकला. पडदा निर्दोष सुटला. दुसरी संशयित लेन्स. तिच्या काचेवर जेजुरीच्या भंडाऱ्याची, म्हणजे हळदीची, पिवळी पूड दिसतच होती, म्हणून काच स्वच्छ करून खिडकीतून आभाळाचा फोटो काढला. घार हजर. कॅमेऱ्याची लेन्स काढून दुसरी लावली. तरीही घार हजर.

इथे थोडं थांबू या. लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ फोटोत का दिसत नाही? एक पेन्सिल डोळ्याला अगदी टेकेल इतकी जवळ धरा, आणि समोरच्या झाडाकडे बघा. झाड दिसतं, पेन्सिल नुसती धुरकट होऊन विरघळते. लेन्सचंही तसंच. इतक्या जवळच्या कणाची रेखीव आकृती तिला बनवताच येत नाही. थोडीफार धूळ असली तरी फोटोवर डाग उमटत नाही. फार झाली तर फोटो जरा फिका पडतो, एवढंच. आणि लोक नेमकी हीच काच दिवसातून दहा वेळा शर्टाच्या टोकाने घासत असतात! मीही घासायचो, खोटं कशाला बोलू.

म्हणजे गुन्हेगार कॅमेऱ्याच्या आत होता. आत, लेन्सच्या मागे, असतो सेन्सर. पूर्वी तिथे फिल्म असायची. ३६ फोटोंचा रोल, प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा कोरा तुकडा. एखादा कण फिल्मवर पडलाच तर तो बहुधा त्या तुकड्याबरोबर पुढे निघून जायचा. सेन्सर मात्र कुठेही जात नाही. पहिला फोटो त्याच्यावर उमटतो, आणि दहा हजारावाही त्याच्यावरच. एकदा आलेला पाहुणा मुक्काम ठोकतो तो असा.

माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद आहे. दोन टपाल तिकिटं शेजारीशेजारी ठेवली तर साधारण तेवढी जागा होईल. एवढ्याशा जागेत ६००० गुणिले ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख प्रकाश टिपणारे चौकोन असतात. एकेक चौकोन ६ मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, तेव्हा आडवा पडलेला एक केस नुसत्या जाडीतच अकरा-बारा चौकोन झाकून टाकेल. हळदीचा ३० मायक्रॉनचा एक बारीकसा कणही २५ चौकोनांवर बसतो. आपल्याला तो दिसणारही नाही, पण त्या २५ चौकोनांना विचारा!

खरं म्हणजे धूळ थेट सेन्सरवर पडतच नाही. सेन्सरच्या पुढे एक पातळ काच असते, कण बसतो तिच्यावर. फोटोत दिसते ती त्याची सावली. म्हणून तर पिवळ्याधमक भंडाऱ्याची घार फोटोत काळपट दिसत होती.

भाचीला तेवढ्यात नवा पुरावा सापडला. "मामा, देवळाच्या आतल्या अंधारातल्या फोटोत घार नाहीये!"

खरंच नव्हती. उन्हातल्या फोटोत होती, अंधारातल्या फोटोत गायब. मला उत्तर माहीत होतं, पण सांगण्याऐवजी मी तिला पेन्सिल आणि मोबाइल दिला. तुम्हीही करा. रात्री खोलीतले दिवे घालवा, मोबाइलची बॅटरी लावून लांबून भिंतीवर धरा, आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर पेन्सिल आडवी धरा. सावली अगदी रेखीव पडते. आता बॅटरी बंद करून ट्यूबलाइट लावा. पेन्सिल ट्यूबला काटकोनात धरा. सावली फिस्कटते, जवळजवळ नाहीशीच होते. कारण लांबलचक ट्यूबच्या या टोकाचा प्रकाश पेन्सिलीच्या एका बाजूने शिरतो, त्या टोकाचा दुसऱ्या बाजूने, आणि सावलीची जागा उजेडाने भरून जाते.

लेन्समध्ये प्रकाशासाठी एक खिडकी असते, ॲपर्चर. अंधारात मी ती सताड उघडतो, मग ती ट्यूबलाइटसारखी वागते. भर उन्हात बारीक करतो, एफ/१६ वगैरे, तेव्हा ती बॅटरीसारखी वागते आणि कणाची सावली गडद करते. (खऱ्या घारीलाही हेच लागू पडतं. सूर्य म्हणजे काही टिंब नाही, चांगली रुंद थाळी आहे. वस्तू आपल्या रुंदीच्या सुमारे शंभर पटींहून उंच गेली की तिची गडद सावली जमिनीपर्यंत पोचतच नाही. उंच घिरट्या घालणाऱ्या घारीची सावली अंगणात शोधून बघा.)

आता मुख्य प्रश्न. भंडारा कॅमेऱ्याच्या आत गेलाच कसा? इथे मला थोडी मान खाली घालावी लागते.

सोमवती अमावास्या होती. अमावास्या सोमवारी आली की खंडोबाची पालखी गडावरून निघते आणि देवाला कऱ्हेत आंघोळ घालतात. त्या दिवशी गडावर भंडारा मुठीमुठीने उधळला जातो. पायऱ्या पिवळ्या, माणसं पिवळी, हवासुद्धा पिवळी. मी तयारीने गेलो होतो. कॅमेऱ्याला प्लास्टिकच्या पिशवीचा अंगरखा घातला होता, लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँडने आवळलं होतं. असल्या ठिकाणी लेन्स बदलायची नाही, हा साधा नियम. दोन लेन्स हव्याच असतील तर दोन कॅमेरे न्यावेत, नाहीतर एकाच लेन्सवर भागवावं. पण एका आजोबांचा चेहरा दिसला, भंडाऱ्याने माखलेला, भुवयांवरसुद्धा पिवळी साय. मला हाव सुटली. भिंतीच्या आडोशाला गेलो आणि लेन्स बदलली. पाच सेकंद लागले असतील. त्या पाच सेकंदांत कॅमेऱ्याचं तोंड मी आभाळाकडे धरलं होतं. भंडारा वरून खाली पडतो आणि मी खाली भांडं धरून उभा! निदान तोंड जमिनीकडे, पाठ वाऱ्याकडे आणि कॅमेरा बंद, एवढं तरी पाळायचं होतं. आजोबांचा फोटो छान आला, हे मात्र सांगायला हवं.

आणखी एक चोरवाट असते. लांब-आखूड होणारी झूम लेन्स लोहाराच्या भात्यासारखी असते. लांब केली की हवा आत ओढते, आखूड केली की बाहेर टाकते. हवेबरोबर काय काय जात असेल, ते वेगळं सांगायला नको.

आत गेलेला कण पडून का जात नाही? स्वयंपाकघरात चला. स्टीलच्या दोन कोरड्या ताटल्या घ्या. एकीवर चिमूटभर रवा, दुसरीवर गव्हाचं पीठ. दोन्ही उभ्या करा. रवा घरंगळतो, पिठाचा थर मात्र ताटलीला धरून राहतो. कण दहापट लहान केला तर त्याचं वजन हजारपट कमी होतं, पण चिकटून राहण्याची ताकद साधारण दहापटच कमी होते. म्हणजे वजनाच्या मानाने तो शंभरपट चिवट झाला. जितका बारीक, तितका हट्टी.

"मग जोरात फुंकर मारू," भाची म्हणाली. मी तिला वर बघायला सांगितलं. पंखा दिवसभर गरागरा फिरतो, वारा घालतो, आणि त्याच्याच पात्यांवर धुळीची जाड पुटं असतात! पात्याला अगदी लगटून असलेला हवेचा पातळ थर पात्याबरोबरच फिरतो. त्या थरात दडलेल्या बारीक कणांना वारा लागतच नाही. तोंडाने फुंकर मारण्यात तर आणखी एक घोळ आहे. धूळ राहते आणि वर थुंकीचे तुषार जमतात.

मग करायचं काय? २००३ साली ऑलिम्पसने ई-१ नावाचा कॅमेरा काढला. त्यात सेन्सरपुढची काच स्वतःच थरथरते, सेकंदाला तीस हजारांहून जास्त वेळा. आपल्या कानांना सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचाच आवाज कळतो, त्यामुळे ही थरथर ऐकू येत नाही. ओला कुत्रा अंग झटकतो तशी काच अंग झटकते. आता कित्येक कॅमेऱ्यांत ही सोय असते. माझ्यातही आहे. आम्ही ती पाच वेळा चालवली. दुसऱ्या कोपऱ्यातले दोन फिकट ठिपके गेले, घार बसून राहिली.

मग रबरी ब्लोअर. हा दाबायचा फुगा असतो, पुढे नळी असलेला. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरायचं, म्हणजे सुटलेला कण बाहेर पडतो. नळीचं टोक काचेला लागू द्यायचं नाही आणि कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण भरलेली हवी. मधेच संपली तर शटर धाडकन मिटायचं. हे काम मोठ्यांचं. भाचीने फक्त "एक, दोन, तीन" म्हणायचं काम केलं. तरीही घार हलली नाही.

या अशा हट्टी धुळीने मंगळावरच्या यंत्रांनाही छळलं आहे. नासाचं इनसाइट यान २०१८ मध्ये तिथे उतरलं. त्याच्या सौर तबकड्यांवर धूळ साचत गेली आणि वीज कमी पडू लागली. पुसायला तिथे कोण जाणार? मे २०२१ मध्ये यानाच्या यांत्रिक हाताने ओंजळभर वाळू उचलली आणि तबकडीजवळ हळूहळू ओतली. धूळ काढायला वाळू! वाऱ्याने वाळूचे जाड दाणे तबकडीवरून टुणटुणत नेले, आणि त्यांनी जाताजाता बारीक धुळीला धक्के देऊन सोबत नेलं. वीज थोडी वाढली. इनसाइट डिसेंबर २०२२ पर्यंत टिकलं, मग धुळीनेच त्याला गप्प केलं. पिठाच्या ताटलीवर रवा घालून हलवलात तर ही युक्ती घरीही बघता येईल. कॅमेऱ्यावर मात्र चुकूनही नको! वाळूत क्वार्ट्झ असतं, ते काचेहून कठीण. घासलं की ओरखडा कायमचा.

शेवटी आम्ही कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. भाचीने ऐटीत सांगितलं, "फोटोत डावीकडे, वर." काकांनी लेन्स काढली, भिंग डोळ्याला लावलं आणि सरळ डावीकडे खालच्या कोपऱ्यात पाहिलं. "वर!" ती पुन्हा म्हणाली. काका हसले. लेन्स चित्र उलटं करून सेन्सरवर पाडते, म्हणून फोटोतलं वरचं सेन्सरवर खाली असतं, आणि डावं उजवीकडे. पण समोरून बघताना आपण स्वतःच उलट्या बाजूला तोंड करून उभे असतो, त्यामुळे डावं पुन्हा डावीकडेच येतं. तिने कागदावर काढून पाहिलं तेव्हा कुठे पटलं.

काकांनी सेन्सरच्या रुंदीएवढा चपटा बोळा घेतला, त्यावर स्पिरिटसारख्या द्रवाचे दोन थेंब टाकले, आणि एका टोकाकडून दुसरीकडे एकच हात फिरवला. मग बोळा उजेडात धरून भाचीला दाखवला. पांढऱ्या टोकावर टाचणीच्या अग्राएवढा पिवळा ठिपका. हळदीचा पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. चोराने कबुली दिली होती.

घरी येऊन आभाळाचा फोटो काढला. एफ/१६ वर. कोरं करकरीत आभाळ. भाची जरा हिरमुसली. "माझी घार गेली," म्हणाली.

काकांनी बजावलं होतं की पिशवी झाडली नाही तर उद्या पुन्हा हीच कथा. म्हणून संध्याकाळी आम्ही कॅमेऱ्याची पिशवी गच्चीत उलटी केली. शिवणीच्या कोपऱ्यातून चिमूटभर भंडारा निघाला. मी झाडू आणायला वळलो, तेवढ्यात तिने तो बोटावर घेतला, टाचा उंच करून माझ्या कपाळाला लावला आणि गच्चीभर ओरडली, "येळकोट येळकोट जय मल्हार!"