एका माणसाची रिकामी जागा

जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्या माणसाचे दुःख पडद्यावर दाखवायचे कसे? आपल्या ओळखीची रीत म्हणजे हंबरडा, फुटलेल्या बांगड्या आणि पाठोपाठ एखादे करुण गाणे. ही रीत खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. पण दुसरीही एक रीत आहे. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या १९५३ सालच्या ‘टोकियो स्टोरी’ या चित्रपटात ती पाहावी.

ओनोमिची या समुद्रकाठच्या गावातले म्हातारे नवराबायको, शुकिची आणि तोमी, मुलांना भेटायला टोकियोला निघाले आहेत. सामान बांधताना हवेची उशी सापडत नाही. ‘तुझ्याकडेच असेल’, ‘छे, तुमच्याकडेच दिली’, अशी थोडी हुज्जत होते आणि उशी अखेर म्हाताऱ्याच्याच सामानात निघते. खिडकीशी शेजारीण येते, दोन शब्द बोलून जाते. यात काय एवढे पाहायचे, असे आपण म्हणाल. जरा थांबा.

प्रवासाहून परतल्यावर तोमी आजारी पडते आणि जाते. त्या पहाटे शुकिची घराबाहेर एकटाच उभा असतो. सून शोधत येते, तेव्हा सूर्योदय फार छान झाला, आज उकडणार, एवढेच तो बोलतो. अंत्यविधीनंतर जेवतानाच मुलगी आईच्या कपड्यांची मागणी करते, आणि शहरातली मुले लगोलग परतीची गाडी धरतात. मागे राहते ती सून नोरिको, जिचा नवरा युद्धात गेलेला. सासरा तिला तोमीचे घड्याळ देतो आणि पुन्हा लग्न कर म्हणून सांगतो. मग तीही जाते. धाकटी मुलगी शिक्षिका. ती शाळेत गेलेली.

आता पुन्हा तीच खोली, तीच खिडकी, तीच शेजारीण. चटईवर मात्र एकच माणूस पंख्याने वारा घेत बसला आहे. एकट्याला दिवस फार मोठा वाटतो, असे तो शांतपणे म्हणतो.

इथे आपल्या पोटात कालवते. का बरे? तो तर रडतही नाही. कारण ओझूंनी ती जागा आधी भरलेली दाखवली होती. उशीवरून हुज्जत घालायला आता कोणी उरले नाही, हे आपले आपल्यालाच उमगते. कॅमेराही चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवरच ठेवलेला. जणू आपणही त्याच्याजवळ बसलो आहोत.

आपल्याकडेही तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. चौदाव्या दिवसापासून खरा एकांत सुरू होतो, आणि तो कुणाला ऐकू येत नाही. त्या शेजारणीने मोठे सांत्वन केले नाही. ती रोजच्यासारखी खिडकीशी थांबली, इतकेच. आपल्या आळीतही अशी एखादी खिडकी असेल. तिच्यापाशी घटकाभर थांबायला काय हरकत आहे?