काचेवरची झळाळी पुसताना
फोटोतली वीजतार किंवा मागून जाणारा माणूस पुसणं आता सोपं आहे. फोटोशॉपमध्ये २००२ साली ‘हीलिंग ब्रश’ आला, २०१० साली ‘कंटेंट-अवेअर फिल’. दोन्ही फोटोतल्याच इतर भागांचा पोत घेऊन जागा भरतात. प्रतिबिंब मात्र चिवट. काचेमागचं दृश्य आणि काचेवरची झळाळी एकाच पिक्सेलमध्ये मिसळलेली असतात. झळाळी पूर्ण पांढरी झाली असेल, तर खालचा तपशील उरतच नाही. सॉफ्टवेअर तिथे भरेल तो निव्वळ अंदाज. जुन्या चित्राच्या किंवा दस्तऐवजाच्या फोटोत असा अंदाज मला मान्य नाही. त्यापेक्षा लेन्सवर पोलरायझर लावावा. काचेच्या पृष्ठभागाशी सुमारे ३४ अंशांचा कोन साधून तो फिरवला, की प्रतिबिंब जवळजवळ नाहीसं होतं. धातूच्या चकाकीवर मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही.