उचल, इसार आणि व्यवहाराची भाषा

बाजारातील शब्द म्हणजे केवळ बोलीचे अलंकार नव्हेत. व्यवहाराची शर्त त्यांतच दडलेली असते. धारूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. निजामाचा रुपया ‘हाली’ आणि इंग्रजी अमलातला ‘कलदार’. दोहोंचे मोल सारखे नसल्याने सौद्यात नाण्याचे नाव घेणे भागच होते. रक्कम, बाकी, वसूल, जामीन हे शब्द अरबी-फारसीतून आले. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. बाजाराने मात्र जुनेच चालविले.

काही शब्द सौदा उघड करतात, काही झाकतात. पेरणीला नेलेले मणभर धान्य सुगीला ‘सवाई’ने, म्हणजे सव्वा मण, परत करावयाचे. ‘सवाई’ कानाला सौम्य वाटते. पण सहा महिन्यांत पंचवीस टक्के म्हणजे द. सा. द. शे. ५० झाले!

‘इसार’ आणि ‘उचल’ यांतील भेद तर अधिक बोलका आहे. दोन्ही रकमा आगाऊच. परंतु इसार दोन्ही पक्षांना बांधतो. घेणारा फिरला तर त्याचा इसार बुडतो. स्कॉटलंडमध्येही शेतगडी ठेवताना त्याच्या हातावर ‘आर्ल्स’ नावाचे नाणे ठेवीत. करार झाल्याची ती खूण असे. उचल ही खूण नव्हे, ते ऋण होय. ऊसतोडीला निघणारे जोडपे मुकादमाकडून ती घेते आणि हिशेबात ‘एक कोयता’ होते. माणसे दोन, मोजणी हत्याराची! गैरहजेरीला ‘खाडा’ म्हणतात आणि त्याचे पैसे कापले जातात. ‘कर्ज’ हा शब्द कोठेच नाही. म्हणून दर विचारण्याचे कोणाला सुचत नाही. हंगाम सरला तरी ‘बाकी’ मात्र उरू शकते.

आगाऊ रकमेपोटी सक्तीने राबविण्यास १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंदी केली. परंतु तोंडी हिशेबापुढे कायदा काय करणार? कराराचा कागद हवा, आणि तो कचेरीच्या नव्हे, बाजाराच्या भाषेत हवा : उचल किती, टनाला दर किती, खाड्याला किती, फेड किती. शाळेत सरळव्याज शिकविताना शिक्षकांनी फळ्यावर सवाई आणि उचलही मांडावी. शब्दाचा हिशेब कळला, तरच पैशाचा हिशेब मागता येतो.