व्हिडिओ गेमची हातपेटी

सदाशिव पेठेंत भरत नाट्य मंदिराच्या आसपास ज्यांचें वास्तव्य आहे, त्यांस पायपेटी आणि हातपेटी यांतील भेद सांगावयास नको. युरोपांतून आली ती पायपेटी. पायांनीं भाता हालवावा आणि दोन्ही हात स्वरांवर मोकळे ठेवावे, अशी तिची रचना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं तिचे पाय काढले, भाता पाठीमागें आणला आणि तिला मांडी घालून बसणाऱ्याच्या पुढ्यांत ठेवलें. या सोयीपायीं एक हात गमवावा लागला, कारण तो भात्याला गुंतला. आपल्या गायनास एका वेळीं एकच स्वर पुरतो, म्हणून हा व्यवहार परवडला. मोठें यंत्र लहान करूं पाहणाऱ्यानें प्रथम हाच विचार करावयाचा असतो: काय सोडलें असतां चालेल, आणि काय सोडल्यास मूळ वस्तूच नाहींशी होईल?

घरांतील टीव्हीला जोडावयाचा जुना व्हिडिओ गेम हातांत धरून खेळतां येईल असा करणें, हें याच जातीचें काम आहे. १९९० नंतरच्या दशकांत शहरांतील पुष्कळ घरांत असा संच आला. बहुधा तो निंटेंडो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं जपानांत विक्रीस काढलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची नक्कल असे, पेटीवर नांव मात्र कोणतेंही असे. मुलें त्याच्या खेळाच्या डबीला ‘कॅसेट’ म्हणत, वस्तुतः तिच्यांत फीत मुळींच नव्हती. आज यांतील कित्येक संच माळ्यावर पडून आहेत. मुलें मोठीं झालीं, हें एक कारण झालें. दुसरें असें कीं, ज्या काचनळीच्या टीव्हीला ते जोडीत तो टीव्हीच घरांतून गेला. नव्या सपाट पडद्यास जुन्या तारेची खोबण असतेच असें नाहीं, आणि बंदुकीचा खेळ तर त्यावर चालत नाहीं. ती बंदूक कांहीं सोडीत नाहीं, पाहते. चाप ओढतांच पडदा क्षणभर काळा होतो व लक्ष्याच्या जागीं पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळींतील प्रकाशग्राहकाला तो दिसला तर नेम लागला. काचनळी हें चित्र तत्क्षणीं दाखवी. सपाट पडदा किंचित् उशीर करतो आणि तोंवर बंदुकीची पाहण्याची वेळ टळून जाते.

तेव्हां स्वतःचा पडदा अंगावर बाळगणारें यंत्र करावें, ही कल्पना निव्वळ हौसेची नव्हे. कॅसेट शाबूत आहे; तिला घर उरलेलें नाहीं.

मूळ यंत्र उघडून पाहिलें तर आंत किती थोडें आहे याचेंच आश्चर्य वाटतें. हिशेब करणारी एक चिप, तिचे सेकंदास सुमारें १८ लक्ष ठोके. चित्र काढणारी दुसरी चिप. कामापुरती स्मृति अवघी दोन किलोबाइट, म्हणजे इंग्रजी २०४८ अक्षरें मावतील एवढी, आणि चित्रासाठीं तितकीच निराळी. चित्र आडवे २५६ व उभे २४० अशा ठिपक्यांचें. पुढें नकला करणाऱ्यांनीं दोन्ही चिपांचें काम एकाच चिपेंत बसविलें आणि तिच्यावर लाखेसारखा काळा थेंब ओतला. मग त्यांच्या ऐसपैस पेटींत एक लहानशी पट्टी आणि बाकी हवाच उरली. या एका चिपेवरून यंत्र लहान करणें सोपें खरें, परंतु तिच्यांतून कांहीं आवाज मुळाबरहुकूम निघत नाहींत. आणि ज्या कॅसेटमध्यें मदतीस स्वतःची चिप आहे अशी एखादी कॅसेट ती मुळींच चालवीत नाहीं. ज्यास खेळ जसाच्या तसा हवा, त्यानें मूळ चिपाच राखाव्या हें बरें.

पडद्याची निवडही वाटते तितकी साधी नाहीं. चित्र काढणारी चिप टीव्हीला लागणारा संमिश्र संदेश आंतच तयार करून एका तारेनें बाहेर पाठविते. म्हणून तो संदेश समजणारा पडदा हवा. मोटार मागें घेतांना पाठीमागचा रस्ता दाखविणारे जे लहान पडदे निघाले आहेत, ते तो समजतात व हौशी मंडळी तेच वापरतात. त्यांतही मूळ चित्राचें प्रमाण चारास तीन असतें. रुंद पडदा घेतला तर खेळांतील माणसें बुटकीं आणि जाडीं दिसूं लागतात.

तरी खरी अडचण आकाराची किंवा चित्राची नसून भुकेची आहे. घरच्या संचास भिंतींतील वीज मिळते, म्हणून त्याला काटकसर ठाऊक नाहीं. ॲडाप्टरमधून सुमारें ९ व्होल्ट येतात, चिपांना लागतात ५. मधले ४ व्होल्ट आंतील नियंत्रक उष्णतेच्या रूपानें उधळतो. म्हणजे आलेल्या विजेपैकीं शेंकडा ४४ भाग हवेंत. हातांतल्या यंत्रास ही चैन परवडत नाहीं. समजा, चिपांना २ वॅट आणि पडद्याला दीड वॅट लागतात. ३.७ व्होल्टचा व २५०० मिलिअँपिअर-तासांचा एक लिथियम सेल सव्वानऊ वॅट-तास देतो. त्याचे व्होल्ट चढवून ५ करण्यांत शेंकडा १५ गळाले, तर खेळ चालेल सुमारें सव्वादोन तास. दोन सेल घातले तर वेळ दुप्पट, आणि यंत्राचें वजनही वाढलेलें. मनगटास तें लौकर कळतें.

हा हिशेब ज्यांनीं आधीं मांडला ते निंटेंडोचे गुनपेइ योकोइ. १९८९ सालच्या ‘गेम बॉय’ला त्यांनीं रंग दिले नाहींत, पडद्यामागें दिवा दिला नाहीं, हिरवट पार्श्वभूमीवर चार छटा एवढेंच दिलें. चार साध्या सेलांवर तें यंत्र दहा तासांहून अधिक चाले. पुढच्याच वर्षीं सेगा कंपनीचा ‘गेम गिअर’ रंगीत, उजळ पडदा घेऊन आला. तो सहा सेल तीन ते पांच तासांत संपवी. पालकांनीं कोणता पसंत केला हें सांगणें नको. अर्थात् गेम बॉय ही फॅमिली कॉम्प्युटरची धाकटी आवृत्ति नव्हे. त्याच्या कॅसेटा निराळ्या, आंतील रचनाही निराळी. घरची कॅसेट जशीच्या तशी हातांत चालविणारीं यंत्रें थोडींच झालीं.

आतां हातपेटीच्या हाताचा प्रश्न. या संचाचें बरेंचसें सुख दोघांनीं शेजारीं बसून खेळण्यांत होतें. हातांतलें यंत्र एकाच्याच हातांत असतें. दुसरा खेळाडू आपोआप प्रेक्षक होतो आणि थोड्या वेळानें उठून जातो. रंग फिके झाले तर खेळ उरतो, एकमेकांवरची कुरघोडी गेली तर अर्धा खेळ गेला. येथें वाचविलेली जागा महाग पडते. आणि जागा तरी कितीशी वाचते? दस्त्यावरील आठ बटणांची स्थिति एक लहानशी चिप साठविते व एकामागून एक अशी एकाच तारेनें कळविते. तिला हुकूम देण्यास दोन तारा व विजेच्या दोन, मिळून पांच तारांत दुसऱ्या खेळाडूची सोय होते. तपकीर गल्लींत मिळणाऱ्या एका साध्या खोबणीचें हें काम आहे. जपानी मूळ संचांत दुसऱ्या दस्त्यावर खेळ सुरू करण्याचें बटणच नव्हतें, त्याऐवजीं बारीकसा मायक्रोफोन होता. धाकट्यानें ओरडावें, सुरू मात्र थोरल्यानें करावें, ही व्यवस्था घरोघरच्या रीतीस धरूनच म्हणावयाची!

साडेतीन इंची पडद्यापुढें दोन डोकीं नीट मावत नाहींत, म्हणून चित्र बाहेर नेण्याचीही वाट ठेवावी लागते. सेगानें १९९५ साली अमेरिकेंत काढलेल्या ‘नोमॅड’मध्यें हें सारें होतें. घरच्या ‘जेनेसिस’ संचाच्याच कॅसेटा, दुसऱ्या खेळाडूची खोबण आणि टीव्हीकडे जाणारी तारही. सेल मात्र तो दोन-तीन तासांत खाई, आणि किंमत १८० डॉलर. तो फारसा खपला नाहीं. बावीस वर्षांनीं, मार्च २०१७ मध्यें, निंटेंडोच्या ‘स्विच’नें तोच संसार पुन्हां मांडला: घरीं टीव्हीला जोडावा, बाहेर हातांत धरावा, आणि सोबती भेटला तर दोन्ही बाजूंचे दस्ते सुटे करून एक त्याच्या हातीं द्यावा.