उतारवयांतील वल्हें

संसाराची नाव पैलतीरास लागत आली म्हणजे मनुष्यानें पोथी हातीं घ्यावी, वल्हें नव्हे, असें म्हणणारे आप्तेष्ट आम्हांस पुष्कळ आहेत. त्यांचा हेतु मायेचा आहे, हें आम्ही जाणतों. तथापि साठी उलटल्यावरहि आम्ही उभयतां समुद्रावर होडी वल्हवीत आहों. दुखणीं आलीं असतां आवडता छंद सोडावा कीं राखावा, हा प्रश्न घरोघरीं उद्भवतो. म्हणून आमचा अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें बिऱ्हाड पनवेलनजीक कामोठ्यास. गाढी नदीचें पाणी घेणारी पनवेलची खाडी येथून जवळ, आणि पेणमार्गें अलिबागचा किनाराहि एका सकाळींत गांठण्याजोगा. आमची होडी ‘कयाक’ जातीची आहे. मूळची ही उत्तर ध्रुवाकडील शिकारी लोकांची. लांबट, निमुळती आणि वजनानें हलकी. हिच्या वल्ह्यास दोन्ही टोकांना पातीं असतात. वल्हें बाहूंच्या जोरानें ओढावयाचें नसून कंबरेपासून धड वळवून ओढावयाचें असतें, आणि हात खांद्यांच्या खालींच ठेवावयाचे असतात. बसून करावयाचा हा व्यायाम असल्यामुळें गुडघ्यांवर शरीराचा भार पडत नाहीं. वृद्धांस हा मानवतो तो याच कारणानें.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हांपैकीं गृहिणीच्या गुडघ्याचा सांधा बदलावा लागला. पुढल्याच वर्षीं गृहस्थाच्या हृदयाच्या रक्तवाहिनींत जाळी बसवावी लागली. मधुमेह तर आधींपासूनच घरचा झालेला. होडी वर्षभर पालथी पडून होती. डॉक्टरांची अनुज्ञा मिळाल्यावर आम्हीं पाव तासापासून पुन्हां आरंभ केला. पूर्वींच्या होडीच्या अरुंद तोंडांतून पाय आंत सरकवणें नव्या गुडघ्यास जमेना, म्हणून वरून उघडी, दोघांची होडी घेतली. गुडघाभर पाण्यांत ती उभी करावी, दोन्ही बाजूंस पाय टाकून आधीं बसावें, आणि मग एकेक पाय वर घ्यावा, ही युक्ति तेव्हां साधली. रक्त पातळ ठेवणारें औषध चालू असतां कालवांच्या शिंपल्यानें झालेली लहानशी जखमहि लवकर थांबत नाहीं. म्हणून पायांत जोडे आणि हातांत मोजे हे नित्याचे झाले.

आतां आमच्या प्रमादाची गोष्ट सांगतों. आमच्या मुंबई-कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी आहे कीं, तिथीची पाऊणपट करावी; जो आंकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. दोन्ही पक्षांत सारखेंच. त्यानंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. एका एकादशीस आम्ही याच हिशेबानें सव्वाआठाच्या भरतीला खाडींत उतरलों. दहाच्या आंत परतावयाचें, असें ठरलें होतें. परंतु रोहित पक्ष्यांचा थवा पाहण्याच्या नादांत वेळ निघून गेला, आणि पाणी सरून होडी चिखलांत रुतली. अंगीं उपास असल्यामुळें गृहस्थास दरदरून घाम सुटला, हात कांपूं लागले आणि बोलणें असंबद्ध झालें. सुदैवानें गृहिणीच्या पिशवींत गूळ होता. आणि खोल पाण्याच्या वाटेनें जाणाऱ्या एका कोळीबांधवानें दोर टाकून आम्हांस ओढून काढलें.

घरीं आल्यावर मुलगा रागावला नाहीं. तो इतकेंच म्हणाला, “बाबा, तुम्हांस कांहीं झालें तर तुम्ही सुटाल, आई आणि आम्ही काय करावें?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या रात्रीं सर्व घर एकत्र बसलें. होडी विकावी, असें सुनेचें मत पडलें, व तें गैर नव्हतें. अखेरीस कांहीं नेम ठरले, आणि ते मोडल्यास होडी जाईल, ही अट आम्हीं मान्य केली.

पहिला नेम असा कीं, दोघांपैकीं ज्याची प्रकृति त्या दिवशीं उणी असेल त्याचा शब्द अखेरचा; कारण विचारावयाचें नाहीं. उपासाच्या दिवशीं पाण्यांत जावयाचें नाहीं. अंगांत तरंगतें जाकीट, गळ्यांत शिटी, आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवींत साखर व फोन ठेवावयाचा. तिथीचा हिशेब स्थूलमानाचा असल्यानें भरती-ओहोटीचें छापील कोष्टकहि पाहावयाचें. पावसाळा लागला कीं नारळी पौर्णिमेपर्यंत होडी बंद; कोळी लोक नारळ अर्पण करून मगच समुद्राकडे वळतात, तेथें आमची काय कथा!

कौस्तुभ खाडे या तरुणानें २०१५ सालीं मुंबईहून गोव्यापर्यंत कयाक नेली, आणि नंतर गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा किनारा वल्हवला. त्या दुसऱ्या प्रवासांत शांजली शाही किनाऱ्यानें सायकलवरून त्यांच्या सोबतीस होत्या. पोलंडचे अलेक्सांदर डोबा यांनीं तर २०१७ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, तिसऱ्यांदा अटलांटिक महासागर कयाकेनें ओलांडला. डोबांचें अनुकरण करण्याचें बळ आम्हांस नाहीं. परंतु शांजलींकडून एक धडा घेतला आहे. सोबत करण्यास एकाच होडींत बसावें लागतें असें नाहीं. गुडघा सुजला असेल त्या दिवशीं गृहिणी काठावर बसते, घड्याळ पाहते, आणि गृहस्थ तिच्या नजरेच्या टप्प्यांत राहून वल्हवतो.

पूर्वीं आम्ही अर्धा दिवस पाण्यांत काढीत असूं. आतां एक तास. उद्यां कदाचित् पाव तास होईल. सोडून देणें आणि आटोपतें घेणें यांत अंतर आहे, आणि तें अंतर आम्हांस दुखण्यांनींच शिकविलें. घरांतील वडीलधाऱ्यांस ‘आतां पुरे’ म्हणण्यापूर्वीं तरुण मंडळींनीं त्यांच्यासह बसून असेच नेम ठरवावेत, एवढीच विनंति. आमच्या घरीं तर शनिवारीं रात्रीं नातू पंचांग उघडतो, पाऊणकी म्हणतो, आणि उद्यां होडी न्यावयाची कीं नाहीं तें आम्हांस सांगतो.