खेळणा नदीचा उतार आणि वेलिंग्टनचा ड्यूक

२३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावानजीक, आर्थर वेलस्ली (हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला) या चौतीस वर्षांच्या इंग्रज सेनानीने खेळणा नदीच्या उताराची चौकशी केली, तेव्हा या टापूत उतारच नाही असे वाटाड्यांनी त्याला निक्षून सांगितले. समोर शिंदे व नागपूरकर भोसले यांची अफाट फौज, पोलमन या युरोपीय सरदाराच्या हुकमतीखालील कवाइती पलटणी आणि शंभराच्या घरात तोफा. इकडे प्रत्यक्ष रणात उतरवता येण्याजोगी माणसे सुमारे साडेचार हजार. वेलस्ली स्वतः पुढे जाऊन न्याहाळू लागला, तो एका तीरावर पिंपळगाव आणि बरोबर त्याच्यासमोर पैलतीरावर वरूड. इतक्या निकट वसलेल्या दोन गावांत जा-ये नसणे संभवत नाही, सबब येथे उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क बांधला व फौज पाण्यात घातली. तर्क खरा ठरला. विजय मिळाला, पण दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जायबंदी झाली. असे असूनही उत्तरायुष्यात आपली सर्वोत्कृष्ट कामगिरी म्हणून त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले.

आयर्लंडमधील अर्ल ऑफ मॉर्निंग्टनच्या घराण्यात १७६९ साली जन्मलेल्या या धाकट्या मुलाला पैसे भरून हुद्दे विकत घेण्याच्या तत्कालीन रिवाजाने चोविसाव्या वर्षीच लेफ्टनंट कर्नल केले. परंतु भूमी वाचण्याची ती दृष्टी विकत मिळणारी नव्हती. माझ्या मते त्याच्या राजकारणातील यशापयशाची किल्लीही तिच्यातच आहे. आयर्लंड त्याची जन्मभूमी. १८०७ ते १८०९ तेथील मुख्य सचिवपदही त्याने सांभाळलेले. म्हणूनच पुढे ब्रिटनचा पंतप्रधान असताना, यादवी टाळावयाची तर कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडलेच पाहिजे हे ओळखून, त्याने १८२९ साली स्वपक्षाचा रोष पत्करून तसा कायदा करविला आणि त्यापायी लॉर्ड विंचिल्सीशी पिस्तुलांचे द्वंद्वही केले.

गिरण्यांच्या नव्या इंग्लंडकडे मात्र त्याने असे निरखून पाहिले नाही. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्गाच्या उद्घाटनास तो गेला; पण मँचेस्टरला क्षुब्ध जमाव पाहून गाडीतून उतरण्याचेच त्याने नाकारले. त्या शहराला पार्लमेंटात एकही प्रतिनिधी नव्हता, आणि ओल्ड सेरम या जवळजवळ निर्जन मतदारसंघाला मात्र दोन होते! तरीही २ नोव्हेंबरला उमरावांच्या सभेत त्याने प्रचलित व्यवस्थेत सुधारणेस जागा नाही असे ठासून सांगितले, आणि पंधरवड्याच्या आत त्याचे मंत्रिमंडळ कोसळले. १८३२ साली, सुधारणेच्या विधेयकासाठी नवे उमराव नेमून बहुमत उभे करण्याची पाळी राजावर येऊ नये म्हणून, तो आपल्या अनुयायांसह मतदानापासून दूर राहिला. तेव्हा कुठे सुधारणेचा कायदा संमत झाला आणि मँचेस्टरला दोन प्रतिनिधी मिळाले.