बोटीवर गेले ते परत आले नाहीत

कोकणातल्या कितीतरी घरांत एक गोष्ट ऐकायला मिळते. "आमचे पणजोबा बोटीवर गेले, ते परत आलेच नाहीत." गोष्ट तिथेच संपते. कोणती बोट, कोणते साल, कुठला दर्या, काही ठाऊक नसते. जुनी माणसे होती तोवर नाव तरी निघायचे. ती गेली, तसे नावही पुसट झाले.

अशा माणसाचा माग काढता येतो का? चिकाटी असेल तर येतो. त्यासाठी आम्ही एका बोटीचेच उदाहरण घेतो.

पी अँड ओ कंपनीची 'बोखारा' ही आगबोट ८ ऑक्टोबर १८९२ रोजी शांघायहून निघाली. हाँगकाँग, कोलंबो करीत ती मुंबईला यायची होती. पोटात रेशीम, चहा आणि चांदी. वाटेत तिला वादळाने गाठले. १० तारखेच्या रात्री प्रचंड लाटा डेकवर चढल्या, जीवरक्षक होड्या वाहून गेल्या, पाणी खाली शिरून भट्ट्या विझल्या. इंजिन बंद पडलेली बोट वाऱ्याच्या तोंडी सापडली आणि मध्यरात्रीच्या सुमारास फोर्मोसाजवळच्या, म्हणजे आजच्या तैवानजवळच्या, पेंघू बेटांच्या खडकांवर आदळून बुडाली. १२५ माणसे गेली. २३ वाचली.

या बोटीवर हाँगकाँगच्या क्रिकेट संघाचे १३ जण होते. शांघायशी सामना खेळून ते परतत होते. त्यांतले ११ बुडाले. त्यांची आठवण क्रिकेटच्या इतिहासात आजही निघते, आणि निघावीच. मरण सगळ्यांचे सारखे. पण बुडालेल्यांत सर्वांत जास्त होते ते हिंदी खलाशी, इंग्रजांच्या भाषेत 'लास्कर'. वाचलेल्यांचा हिशेब ७ गोरे आणि १६ लास्कर असा सांगतात. त्या सातांतले दोघे क्रिकेटपटू, लोसन आणि मार्कहॅम, नावानिशी ओळखले जातात. सोळा मात्र सोळाच राहिले.

हे खलाशी कोण होते? पी अँड ओच्या बोटींवर मुंबईत माणसे भरली जात. डेकवर रत्नागिरीपासून गुजरातपर्यंतच्या किनाऱ्यावरचे लोक, भट्टीवर बरेचसे उत्तरेकडचे, सलूनमध्ये गोवेकर. वर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. सुकाणू धरणारा सुकाणी, भट्टीत कोळसा घालणारा आगवाला, स्वयंपाकाचा भंडारी आणि झाडलोट करणारा टोपास. जात बंदरावर ठेवून कोणी बोटीवर चढत नसे. झाडू कोणाच्या हाती द्यायचा हे तिथेही आधीच ठरलेले असे, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

माग काढताना हीच उतरंड उपयोगी पडते. सारंग माणसे जमवायचा ती बहुतेक आपल्याच गावची, नात्यातली. म्हणून सारंगाचे गाव सापडले की बाकीच्यांचेही सापडण्याचा संभव असतो.

सुरुवात घरातूनच करावी. आजीला, आत्याला साल विचारू नका, सण विचारा. "दिवाळीच्या तोंडावर बातमी आली" एवढे कळले तरी खूप झाले. १८९२ साली दिवाळीची अमावास्या २० ऑक्टोबरच्या सुमारास होती, म्हणजे 'बोखारा' बुडाली ती दिवाळीच्या दहा दिवस आधी. अशी जुळवाजुळव करून त्या काळच्या वर्तमानपत्रांत बुडालेल्या बोटींच्या बातम्या पाहाव्यात. ती बातमी गावी पोचेपर्यंत घरच्या बाईने कुंकू लावायचे की पुसायचे, याची नोंद मात्र कुठल्याच दप्तरात नाही.

बोटीचे नाव मिळाले की निम्मे काम झाले. ब्रिटिश बोटींवरच्या माणसांच्या याद्या खलाशाच्या नावाने लावलेल्या नाहीत, बोटीच्या अधिकृत नंबराने लावल्या आहेत. तो नंबर जुन्या जहाज-नोंदवह्यांत मिळतो. १८६३ नंतरच्या याद्यांची मोठी वाटणी झाली. सुमारे दहा टक्के लंडनच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात राहिल्या. १८६५, १८७५, १८८५, १८९५ अशा पाचाने संपणाऱ्या सालांच्या याद्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात गेल्या. राहिलेल्या, जवळजवळ सत्तर टक्के, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. फी भरली की तिथले लोक यादी शोधून देतात. १८९२ सालासाठी लंडन आणि न्यूफाउंडलंड, दोन्हीकडे विचारावे. ज्यांनी उभ्या जन्मात बर्फ पाहिले नाही, अशा कोकणी माणसांची नावे त्या बर्फाळ बेटावर जपून ठेवलेली असावीत, हे वाचून आम्ही थक्क झालो.

यादीत नाव, वय, गाव, हुद्दा आणि पगार असतो. आडनाव बहुधा नसते. माणसाचे आणि बापाचे नाव, तेही साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. रत्नागिरीचे 'रत्नाघेरी' होते, बाणकोटचे 'बँकोट'. म्हणून इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांनी शोधू नका, मोठ्याने वाचून पाहा.

शेवटच्या रकान्यात नोकरी कधी आणि कशाने संपली ते लिहिलेले असते. त्याला कारण होते पैशाचे. १८५४ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे बोट बुडाली की खलाशाचा पगार त्याच दिवशी थांबे. पुढच्या दिवसाचा पैसाही मिळत नसे, मग तो जिवंत किनाऱ्याला लागलेला का असेना. म्हणून बुडाल्याची तारीख हमखास नोंदली जाई.

आणखी एक. खलाशाच्या नोकरीच्या दाखल्याला बंदरावर 'नळी' म्हणत, कारण तो कागद गुंडाळून नळीत ठेवायची पद्धत होती. बुडालेल्याची नळी त्याच्याबरोबरच गेली असेल. पण एका घरातले भाऊ-चुलते एकाच धंद्यात असत. माळ्यावर, जुन्या पेटीत पत्र्याची गंजलेली नळी दिसली, तर भंगारवाल्याला देण्याआधी तिचे झाकण उघडून पाहा.